हात न लावता मोजलेला कागद

या पुरवणीचं एक पान अंगठा आणि तर्जनीत धरून जरा चोळून बघा. वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ जीएसएमचा असतो, म्हणजे त्याच्या एक चौरस मीटर तुकड्याचं वजन ४५ ग्रॅम. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. शाळेच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज ती सहज मोजेल. पण गिरणीत हा कागद मिनिटाला हजार मीटर वेगानेही पळतो. ताशी ६० किलोमीटर, हमरस्त्यावरच्या एसटीसारखा. त्याला स्क्रू गेज लावायला गेलात तर कागद फाटेल. आणि रीळ गुंडाळून झाल्यावर चूक कळून उपयोग काय? धावत्या कागदालाच मोजायला हवं, तेही न शिवता.

त्यासाठी जे यंत्र वापरतात त्यालाही गेजच म्हणतात. (हार्डवेअरच्या दुकानात आपण ‘बावीस गेजचा पत्रा’ मागतो तो गेज वेगळा. तिथे आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे पहिल्यांदा ऐकणारा हमखास चकतो.) कागदाच्या एका बाजूला छोट्या बंद कुपीत किरणोत्सारी पदार्थ, बहुधा क्रिप्टॉन-८५, ठेवलेला असतो. त्यातून बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, बाहेर पडतात. काही कागदात अडकतात, उरलेले पलीकडच्या शोधकात पोहोचतात. किती निघाले हे ठाऊक आहे, किती पोहोचले ते मोजलं, की मध्ये किती माल आहे ते कळतं.

हिशेब मात्र सरळ वजाबाकीचा नाही. समजा, एक पान हजारातले शंभर कण अडवतं. मग दुसरं पान आणखी शंभर अडवत नाही, उरलेल्या नऊशेचा दहावा हिस्सा अडवतं. पहिल्या पानापुढे ९००, दुसऱ्यापुढे ८१०, तिसऱ्यापुढे ७२९. चक्रवाढ व्याज उलटं फिरवावं तसं. बीटा कणांना हा नियम अगदी काटेकोर लागू पडत नाही, पण कामापुरता पुरतो. म्हणून गेज बसवताना आधी ठरावीक वजनाचे नमुने दाखवून त्याला शिकवावं लागतं.

खरी गंमत पुढे आहे. हे यंत्र जाडी मोजतच नाही! वाटेत किती माल आला एवढंच त्याला कळतं. तो माल दाबून बसलाय की फुगलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १५ मायक्रॉनचा ॲल्युमिनियम फॉइल आणि त्याच्या चौपट जाड, पण ४० जीएसएमचा कागद, हे दोन्ही त्याला जवळपास सारखेच दिसतात, कारण दोघांचंही चौरस मीटरमागचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास आहे. जाडी हवी असेल तर या वजनाला घनतेने भागायचं. घनता चुकली की जाडी चुकली. कागदवाल्यांचं यात काही बिघडत नाही, त्यांचा सगळा व्यवहार जीएसएमवरच चालतो.

हवासुद्धा मालच. एक सेंटिमीटर हवेचा थर म्हणजे १२ जीएसएम, या पानाच्या पाव हिश्श्याहून अधिक! गरम कागदालगतची हवा २० अंशांवरून ५० अंशांवर गेली, तर ती सुमारे दहाव्या हिश्श्याने विरळ होते आणि दर सेंटिमीटरमागे एक ग्रॅमचा फरक पडतो. कागद तसाच, आकडा मात्र बदललेला. म्हणून फटीतल्या हवेचं तापमानही टिपावं लागतं. शिवाय क्रिप्टॉन स्वतः झिजत असतो. त्याचा अर्धायुष्यकाल पावणेअकरा वर्षांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे सहा टक्के घट. यावर उपाय साधा आहे. गेज अधूनमधून कागदाच्या कडेबाहेर जातो, नुसती हवा बघतो आणि आपलं शून्य नव्याने ठरवतो.

एवढं करूनही आकडा डुलतोच. कण शिस्तीने रांगेत येत नाहीत. पत्र्यावर वाजणाऱ्या पावसासारखे येतात, कधी दाट, कधी विरळ. दहा हजार कण मोजले तर शंभराचा, म्हणजे एक टक्क्याचा चढउतार गृहीत धरायचा. दहा लाख मोजले तर तो ०.१ टक्क्यावर येतो. अचूकपणा हवा तर थांबा, आणि थांबलात तर कागद पुढे गेलेला. गेज कागदाच्या रुंदीवर या काठावरून त्या काठावर फिरतो. एका फेरीला अर्धा मिनिट धरला तर तेवढ्यात ५०० मीटर कागद निघून जातो. त्यातली एक तिरकी रेघ तेवढी गेजने पाहिलेली असते, बाकीचा कागद विश्वासावर. तरीही हा खटाटोप परवडतो. ४५ चा कागद कमी भरू नये म्हणून धास्तीने ४७ चा काढला, तर शंभर टनांमागे चार टनांहून अधिक लगदा फुकट जातो.

माल बदलला की कुपी बदलते. पातळ प्लास्टिक फिल्मला कमी ताकदीचा प्रोमेथियम-१४७, रबराच्या जाड थराला स्ट्रॉन्शियम-९०. पोलादाच्या जाड पट्टीतून बीटा कण आरपार जातच नाहीत. तिथे अमेरिशियम-२४१ चे गॅमा किरण किंवा क्ष-किरण लागतात. लालबुंद तापलेल्या पट्टीला दुसरं काही लावणार तरी काय? क्ष-किरणांचा मोठा फायदा असा, की बटण बंद केलं की किरण बंद.

या किरणांनी कागद किरणोत्सारी होत नाही, तेव्हा पुरवणी निर्धास्त वाचा. चालू गेजची भीतीही मला फारशी वाटत नाही. तिथे शटर असतं, दिवे असतात, मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना असतो. भीती वाटते ती कारखाना बंद पडल्यावर कोपऱ्यात विसरलेल्या गेजची. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीतल्या घनता मोजणाऱ्या गेजमधून सिझियम-१३७ ची कुपी वाटेत ट्रकमधून पडली. उंची ८ मिलिमीटर, रस्ता १,४०० किलोमीटर. १ फेब्रुवारीला ती रस्त्याकडेला सापडली. दिल्लीचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. २०१० मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात विद्यापीठातलं जुनं कोबाल्ट-६० चं उपकरण फोडलं गेलं आणि एका माणसाचा जीव गेला. ते उपकरण गेज नव्हतं, पण भंगारात येणारी वाट तीच.

तुमच्या ओळखीत कुणी भंगाराचा धंदा करत असेल, तर त्याला एवढं सांगा: आकाराच्या मानाने फार जड असलेला शिशाचा किंवा लोखंडाचा डबा आला आणि त्यावर पिवळ्या पाटीवर तीन पात्यांची खूण दिसली, तर तो फोडू नका, कापू नका, भट्टीत टाकू नका. माणसं लांब करा आणि पोलिसांना फोन करा.