फाटकाबाहेरची रांग आणि आतली खुर्ची

सकाळी सहाच्या सुमारास छावणीतून नगर नाक्याकडे निघाले की वाळूजला जाणाऱ्या कामगारांची गर्दी दिसते. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. त्यातच काही पोरे अशी असतात, की ज्यांच्याजवळ डबा नसतो. पिशवीत गुणपत्रिका असतात. ही पोरे कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत उभी राहायला निघालेली असतात.

आमच्या शेजारचा एक मुलगा त्यांपैकीच. बी.कॉम. झालेला. एका कारखान्यात ठेकेदारामार्फत दोन वर्षे राबला आणि एके दिवशी 'उद्यापासून येऊ नको' असे त्याला सांगण्यात आले. नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची पावती नाही. पीएफ मात्र दरमहा कापला जात होता. पासबुक काढून पाहिले, तर शेवटच्या सात महिन्यांचा भरणाच नव्हता. सामाजिक कामाची आम्हाला सवय, म्हणून आम्हीही त्याच्यासोबत गेलो. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "एचआरला भेटा."

एचआर म्हणजे गरिबाला 'नाही' म्हणणारे खाते, अशीच आमची समजूत होती. आत पंचविशीतली एक मुलगी बसलेली. तिने कागद शांतपणे पाहिले आणि म्हणाली, "ठेकेदाराने पैसे भरले नाहीत, तरी मूळ मालक म्हणून जबाबदारी आमची येते, काका." आमच्यासमोरच तिने ठेकेदाराला फोन लावला. दीड महिन्यात सात महिन्यांची रक्कम खात्यात जमा झाली. गेलेली नोकरी मात्र परत मिळाली नाही, हेही सांगितले पाहिजे.

परतताना मुलाने विचारले, "काका, त्या ताईंच्या खुर्चीवर बसायला काय शिकावे लागते?" वीस वर्षे कारकुनी करूनही आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. मग माहिती घेतली. ती आपल्या घरोघरी पोहोचावी, म्हणून हा लेख.

ही खुर्ची आली कुठून?

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी माणसे भरायची ती जॉबर. जॉबर आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक घेई आणि नोकरी देताना, टिकवताना पैसेही खाई. आपल्या लोकांना तर जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेशच नव्हता. धाग्याला तोंड लावावे लागते आणि त्याने विटाळ होतो, हे कारण! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला. भरती कोणाच्या हाती आहे, यावर माणसाची भाकरी ठरते, हा त्यातला धडा.

१९३१ साली व्हिटली आयोगाने शिफारस केली, की भरती जॉबरच्या हातून काढून लेबर ऑफिसर नेमावेत. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २९ जुने कायदे एकत्र करून केलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत ही मर्यादा २५० कामगारांवर आली आहे. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र देणेही त्यांत सक्तीचे आहे.

कोणते काम, कोणते शिक्षण?

पहिली पायरी टाइम ऑफिसची. हजेरी, शिफ्ट, रजा, ओव्हरटाइम यांचा हिशेब ठेवणे. कोणताही पदवीधर हे करू शकतो. संगणकावर एक्सेल मात्र हात बसलेले हवे.

दुसरे काम पगारपत्रकाचे. बी.कॉम.वाल्यांनी इकडे अवश्य लक्ष द्यावे. पीएफसाठी कामगाराचे १२ टक्के कापायचे, तेवढाच वाटा मालकाने द्यायचा. ईएसआयसाठी कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत दोन्ही भरायचे. आमच्या शेजारच्या मुलाचे पैसे याच ठिकाणी अडकले होते. हिशेब जाणणारा आणि प्रामाणिक माणूस इथे असला, तर शेकडो घरांची पुंजी सुरक्षित राहते.

तिसरे काम कल्याण अधिकाऱ्याचे. कँटीन, पाळणाघर, अपघात, तक्रारी हे त्याचे क्षेत्र. त्यासाठी पदवी आणि त्यावर समाजकार्य किंवा कामगार कल्याण या विषयाची मान्यताप्राप्त पदवी अथवा पदविका लागते. एम.एस.डब्ल्यू. हा त्याचा सरळ मार्ग. या पदासाठी केंद्राने केलेल्या जुन्या नमुना नियमांत आणखी एक अट होती: त्या भागातील बहुसंख्य कामगारांची भाषा अवगत असणे. म्हणजे इंग्रजी येत नाही म्हणून दबणाऱ्या आमच्या मुलांची मराठी ही इथे पात्रता ठरते.

चौथे, औद्योगिक संबंध. युनियनशी करार, चौकशी, कामगार न्यायालय. इथे कामगार कायद्याची पदविका किंवा एल.एल.बी. उपयोगी पडते. भरती आणि प्रशिक्षण या कामांसाठी मोठ्या कंपन्या बहुधा एम.बी.ए. (एचआर) मागतात. मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची कामगार अभ्यास संस्था आहे. १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या लोखंडेंचे नाव तिला आहे, हे मुद्दाम सांगतो.

दीड महिन्यात 'एचआर मॅनेजर' करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींपासून मात्र सावध राहावे. फी भरण्याआधी कोर्सला विद्यापीठाची किंवा शासनाची मान्यता आहे का, ते पाहावे. नोकरी करता करता पदविका पूर्ण करणे शहाणपणाचे.

पालकांना दोन शब्द

पगार मालकाचा आणि गाऱ्हाणे कामगाराचे, अशी या खुर्चीची ओढाताण असते. वरून दडपण येते. आपला मुलगा तिथे बसला म्हणजे सगळे प्रश्न सुटले, असे नाही. खुर्चीवर बसून रांग विसरणारेही आम्ही पाहिले आहेत. परंतु कायदा ठाऊक असलेला आणि रांगेचे ऊन सोसलेला माणूस आत असला, तर काय घडते, ते त्या मुलीने दाखवून दिले.

छावणीला लागूनच नागसेनवन आहे. बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय काढले, ते आपली मुले फक्त फाटकापर्यंत पोहोचावीत म्हणून नव्हे. बारावीनंतर, पदवीनंतर काय, हा प्रश्न घरात निघेल तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षा यांच्या जोडीला या मार्गाचाही विचार व्हावा.

शेजारच्या मुलाने कामगार कायद्याच्या पदविकेला नाव घातले आहे. दिवसा तो एका टाइम ऑफिसात हजेरी लिहितो. परवा भेटला, तेव्हा म्हणाला, "काका, सगळ्यांचे पीएफ नंबर मी एकदा तपासून घेतले."