नीलजिव्हा रोग
मुख्यतः मेंढ्यांना होणारा विषाणुजन्य रोग. भारतात तो प्रथम १९६४ मध्ये महाराष्ट्रातील शेळ्या-मेंढ्यांत नोंदला गेला. क्युलिकॉइडीस प्रजातीच्या चिलटांसारख्या बारीक माश्यांच्या माद्या रक्त शोषताना विषाणूचा प्रसार करतात. त्यांची पैदास ओलसर शेणात व चिखलात होत असल्याने पावसाळ्यात व त्यानंतर साथीचा जोर असतो. तीव्र ज्वर, ओठ व चेहरा सुजणे, तोंडात व्रण ही लक्षणे होत. खुरांच्या वरच्या कडेचा दाह झाल्याने मेंढी लंगडते व कळपामागे पडते. जीभ निळसर पडणे मात्र थोड्याच मेंढ्यांत आढळते. त्या दृष्टीने रोगाचे नाव काहीसे फसवे आहे.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत दख्खनी मेंढ्या, उस्मानाबादी शेळ्या आणि देवणी व लाल कंधारी गुरे पाळली जातात. गाई-म्हशींत लक्षणे बहुधा दिसत नाहीत. तथापि त्यांच्या रक्तात विषाणू कित्येक आठवडे राहू शकतो व माश्यांमार्फत मेंढ्यांकडे जातो. त्यामुळे केवळ आजारी मेंढ्या वेगळ्या काढून साथ आटोक्यात येत नाही. विषाणूचे वीसहून अधिक प्रकार असून एकाविरुद्धची प्रतिकारक्षमता दुसऱ्यापासून पुरेसे संरक्षण देत नाही; यास्तव भारतात पाच प्रकारांविरुद्धची एकत्रित मृत लस तयार करण्यात आली. माणसास हा रोग होत नाही.