हत्तीचा स्वभाव

‘स्वभाव’ हा शब्द आपण बहुधा माणसांसाठी वापरतो. प्राण्यांविषयी बोलताना मात्र आपण साऱ्या जातीला एकच गुण चिकटवतो. कुत्रा इमानी, गाय गरीब, हत्ती बुद्धिमान! परंतु एकाच प्राण्याचा वर्षानुवर्षे सांभाळ करणाऱ्याला त्या प्राण्याचे वेगळेपण दिसू लागते. हत्ती आणि माहूत यांचे नाते हे याचे उत्तम उदाहरण होय.

राजस्थानात जयपूरजवळ आमेरचा किल्ला आहे. पर्यटकांना पाठीवर घेऊन हत्ती या किल्ल्याची चढण चढतात. त्यांत बहुतेक हत्तिणीच असतात. हे हत्ती आणि त्यांचे माहूत यांच्यासाठी किल्ल्याच्या परिसरात २०१० च्या सुमारास ‘हाथी गाँव’ ही वसाहत उभी राहिली. सुमारे १०० हत्तींचा विचार करून वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा यांनी तिची आखणी केली. रेती उपसल्यामुळे ती जमीन उजाड झाली होती. म्हणून पावसाचे पाणी साठवणाऱ्या तलावांना आखणीत पहिले स्थान देण्यात आले.

हे पाणी केवळ तहान भागवण्यासाठी नाही. हत्तीला न्हाऊ घालताना माहूत आणि हत्ती यांचा स्नेह जुळतो. अंग घासताना जखम किंवा सूज हाताला लागते. कोणता स्पर्श आवडतो आणि कोठे हात लावताच हत्तीण अंग चोरते, हेही कळते. एखादी पाणी दिसताच त्यात आडवी होते, तर एखादी काठावरच घुटमळते.

हत्तींचा स्वभाव जाणण्याची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. प्राचीन गजशास्त्राने हत्तींचे भद्र, मंद, मृग असे प्रकार सांगितले. पालकाप्य मुनींच्या नावे असलेला ‘हस्त्यायुर्वेद’ हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली प्रसिद्ध केला. अलीकडे, २०१८ साली, म्यानमारमधील लाकूड ओढणाऱ्या अडीचशेहून अधिक हत्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी संशोधकांनी माहुतांनाच प्रश्न विचारले. लक्ष देण्याची वृत्ती, मिळूनमिसळून राहणे आणि आक्रमकता या तीन बाबतींत हत्ती एकमेकांपासून वेगळे असतात, असे त्यातून दिसून आले. अशा प्रकारे माहुतांचा अनुभव विज्ञानाचा आधार ठरला.

हे जाणणे का आवश्यक आहे? हत्ती आपले दुःख बोलून सांगू शकत नाही. साखळीने बांधलेला हत्ती सतत डुलत असला, की पाहणाऱ्यांना तो मजेत आहे असे वाटते. वस्तुतः असे अखंड डुलणे हे बहुधा बंदिवासातील ताणाचे लक्षण असते. जयपूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. हत्तीला घाम जवळजवळ येत नाही. कान हलवून आणि अंगावर पाणी घेऊन तो शरीर थंड ठेवतो. कोणती हत्तीण लवकर थकते, कोणती थकूनही चालत राहते, हे तिच्या माहुतालाच ठाऊक असते. परंतु त्याची रोजी तिच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. म्हणून ‘आज हिला विश्रांती हवी’ असे म्हणताना त्याची चूल विझणार नाही, अशी व्यवस्था समाजाने करायला हवी.

प्राणी पाळणे म्हणजे केवळ त्याला चारापाणी देणे नव्हे. त्याचा स्वभाव ओळखणे आणि त्यानुसार आपले वागणे बदलणे, हाच खरा सांभाळ होय.