व्यापाराचे दार आणि आतले खाते

अर्थशास्त्राच्या तासाला मी बांगलादेशाचे उदाहरण देतो, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न येतोच : ‘सर, म्हणजे व्यापार वाढला की गरिबी आपोआप हटते का?’ हा प्रश्न आपल्या चळवळीनेही नीट समजून घेतला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९७४ पासून श्रीमंत राष्ट्रांनी बड्या निर्यातदार देशांच्या कापडावर कोटे लादले. कोट्यात अडकलेल्या कोरियन कंपन्यांना नवी भूमी हवी होती. १९७९ साली बांगलादेशातले सुमारे १३० कामगार शिवणकाम शिकायला कोरियात गेले. त्या धंद्यात पुढे सुमारे चाळीस लाख माणसे लागली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. सरकारी पाहणीनुसार २००० साली तिथे ४८.९ टक्के लोक गरीब होते. २०१६ साली २४.३ टक्के. यात शेतीचा आणि परदेशातून घरी येणाऱ्या पैशाचाही वाटा आहे. पण जिला गावात रोजगारच नव्हता तिच्या हाती पगार आला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता दुसरी बाजू. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला तडे गेले. खालच्या मजल्यावरची बँक बंद झाली. शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. इमारत कोसळली, अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांचे किमान वेतन होते महिना ३,००० टका. ते त्याच वर्षी ५,३०० झाले. पण ते निर्यात वाढली म्हणून नव्हे, कामगार रस्त्यावर उतरले आणि जगभर बोभाटा झाला म्हणून.

मला यात नवल वाटत नाही. माझा आजा मुंबईच्या गिरणीत रिंगखात्यात राबला. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे सूत चीनला जाई. त्या व्यापारानेच आपल्या माणसांना गावकीबाहेर रोख मजुरी दिली. पण जास्त पगाराचे साचाखाते आपल्याला बंद! धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या ओठांचा सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. मालकाचे शोषण दिसणाऱ्यांना शेजारच्या कामगाराची अस्पृश्यता दिसत नव्हती.

तात्पर्य, व्यापार गिरणीचे दार उघडतो; आत कोणाला कोणते खाते मिळायचे, हे समाजव्यवस्था ठरवते. ती बदलायला संघटना लागते, कायदा लागतो, शिक्षण लागते. माझ्या घरात पहिली पदवी आली ती यांच्याच जोरावर.

म्हणून वाढीचा आकडा कोणी पुढे केला की तीन प्रश्न विचारा : काम कोणाला मिळाले? कोणत्या खात्यात मिळाले? आणि भिंतीला तडा दिसल्यावर ‘मी आत जाणार नाही’ असे म्हणून दुसऱ्या दिवशीची भाकर मिळवण्याची ताकद त्याच्यात आली का?