बंदुकीचे भाग आणि टाकीतले द्रावण

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पावसाळा म्हणजे शस्त्रांची परीक्षा. १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या गडचिरोली पोलिसांच्या सी-६० पथकाला भर पावसात रायफल खांद्यावर घेऊन चालावे लागते. ओल्या पोलादावर गंज धरायला फार वेळ लागत नाही.

म्हणून शस्त्राचे भाग वेळोवेळी नीट साफ करावे लागतात. त्यासाठीच्या अल्ट्रासॉनिक टाकीत साधारण ४० हजार हर्ट्झची कंपने द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण करतात. ते फुटताना खाचाखोचांतली काजळी सुटते. पण निम्मे काम द्रावणाचेच.

तेलकट काजळीवर अल्कधर्मी द्रावण उत्तम. मात्र तीव्र असले तर ॲल्युमिनियमचे भाग खाते. अमोनिया बंदुकीच्या नळीतला तांब्याचा थर काढतो, पण पितळेचा तो वैरी. ब्रिटिश फौजेला हे भारतातच दिसले: पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांची पितळी टरफले तडकत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले.

पेट्रोल किंवा थिनर टाकीत कधीच घालू नये. वाफ पेट घेते.

पाण्यातल्या द्रावणातून काढलेला भाग धुऊन, पूर्ण वाळवून लगेच तेल लावावे. वापरलेल्या द्रावणात शिसे उतरलेले असते; ते नाल्यात किंवा बांधावर ओतू नका.