गप्पीच्या पलीकडचे

पिल्लं देणारे मासे म्हटलं की आपल्याकडे गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या चौघांवर यादी संपते. त्यांच्यावर नव्यानं काय लिहायचं? गप्पी डासांच्या अळ्या खातो म्हणून विहिरी-हौदांत सोडला गेला, १९२८ साली त्याच कामासाठी गँबुसिया आला, आणि दोघांनीही इथल्या नाल्या-डबक्यांत कायमचं ठाण मांडलं. हे सगळे पोसिलिडी कुळातले. १९८१मध्ये लिन पॅरेंटी यांनी या कुळाची चौकट रुंदावून त्यात अंडी घालणारेही घेतले. ते वाद पंडितांना लखलाभ.

माझा जीव गुडिडी कुळावर. मध्य मेक्सिकोच्या पठारावरच्या झऱ्यांत आणि तळ्यांत यांच्या चाळीसेक जाती. नराच्या गुदपराचे पुढचे काटे आखूड, त्यांच्यामागे खाच. नर ओळखायला एवढी खूण पुरते. गप्पीची मादी एकदा मिळालेलं वीर्य महिनोन् महिने साठवून ठेवते, गुडिडची मादी नाही. दर विणीला समागम नव्यानं. आणि पिल्लं आईच्या पोटात नुसती मुक्कामाला नसतात. आईकडून खरोखर पोसली जातात. आमेका स्प्लेंडेन्सचं नुकतं जन्मलेलं पिल्लू भिंगाखाली धरा. गुदद्वारापाशी पांढुरक्या फितींचा झुबका लोंबताना दिसेल. या ट्रोफोटीनींमधून ते दोनेक महिने आईचं अन्न शोषत होतं. दिवस-दोन दिवसांत फिती झडतात. पिल्लू मात्र जन्मतःच दीड-दोन सेंटिमीटरचं, पहिल्या दिवशी शेवाळ खुडायला तयार. हब्ज आणि टर्नर यांनी १९३९मध्ये या कुळाची फेरमांडणी केली ती याच फिती आणि मादीचा अंडाशय पाहून. रंगावर भाळून जाती पाडणाऱ्यांनी तेवढं एकदा वाचावं.

आता हालिस्को प्रांतातल्या तेउचित्लान नदीकडे येऊ. नदी कसली, झऱ्यांनी भरलेला छोटासा प्रवाह. प्रदूषण, पाण्याचा बेसुमार उपसा आणि बाहेरून आलेले मासे, या तिघांनी मिळून तिचा घात केला. झूगोनेटिकस टकीला या तिथल्या गुडिड माशाला शास्त्रीय नाव मिळालं १९९८मध्ये आणि पुढच्या काही वर्षांतच तो नदीतून नाहीसा झाला. सोनेरी स्किफिया, म्हणजे स्किफिया फ्रान्सेसे, तिचं वर्णन १९७८चं. तिचीही गत तीच. दोन्ही जाती तगल्या त्या लोकांच्या घरातल्या काचेच्या टाक्यांत. मोरेलियाच्या मिचोआकाना विद्यापीठाला टकीलाच्या काही जोड्या मिळाल्या त्या युरोपातल्या हौशी पाळणाऱ्यांकडून. चेस्टर प्राणिसंग्रहालय पाठीशी उभं राहिलं. २०१२मध्ये ऐंशी मासे कृत्रिम तळ्यांत सोडले. शत्रू, परजीवी, बदलतं अन्न यांची त्यांना सवय व्हावी म्हणून. चार वर्षांत त्यांचे दहा हजारांच्या आसपास झाले आणि मग पंधराशे नदीत परतले. २०२२च्या अखेरीस बाराशेच्या वर सोनेरी स्किफियाही परतल्या. हौशी लोकांच्या टाक्यांना ‘बायकापोरांची करमणूक’ म्हणणारे आमचे विद्वान मित्र यावर गप्प असतात.

तरी हौशी मंडळींना मी सोडणार नाही. स्किफियाच्या दोन जातींचा संकर ‘ब्लॅक ब्यूटी’ म्हणून मिरवला जातो. दिसतो देखणा, मान्य. पण नदीत परत सोडायला त्याचा उपयोग शून्य. याच कुळातल्या झेनोटोकाचंच पाहा. वर्षानुवर्षं सगळी लालशेपटी मंडळी ‘आयसेनी’ म्हणून एका टाकीत नांदवली. २०१६मध्ये त्यांच्यातून डोआद्रिओई आणि लायन्सी या दोन जाती वेगळ्या निघाल्या. ज्यांनी टाकीवर मूळ गावाची चिठ्ठी लावली होती ते वाचले. बाकीच्यांकडे राहिली खिचडी. म्हणून मी आजही मूळ ठिकाण न सांगणाऱ्याकडून मासा घेत नाही, फुकट दिला तरी.

सांभाळायचं म्हणाल तर पुण्यात हीटरची गरजच नाही. अठरा ते चोवीस अंश त्यांना मानवतं आणि हिवाळ्यात पाणी थोडं आणखी उतरलं तर बरंच. कायम उबेत ठेवलेल्या माद्या लवकर थकतात. त्रास मे महिन्याचा: तेव्हा टाकी तळमजल्यावर, पंखा पाण्यावर आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल. बोअरचं जड पाणी चालतं. उकडलेला पालक, शेवाळ, स्पिरुलिना द्या. नुसत्या टुबिफेक्सवर ठेवू नका. मोठी झालेली आमेका दुसऱ्यांच्या पंखांचे लचके तोडते, म्हणून तिला स्वतंत्र टाकी.

पूर्वी कुर्ल्याच्या बाजारात रविवारी मासे बघता बघता दोन तास वाद घालणारी माणसं भेटत. वही असे, तीत विणीच्या तारखा असत. आता मोबाइलवर फोटो येतो, खाली भाव येतो, आणि ‘कुठला आहे?’ विचारलं की उत्तर येतं, ‘इम्पोर्टेड’. परवाच एकानं स्किफियाचा नर मागितला, त्याच्याकडच्या दुसऱ्या जातीच्या मादीला जोडायला. नाही दिला. त्याला राग आला आहे, आणि तो मला कंजूष म्हणत गावभर हिंडतो आहे.