रॅम डिस्क म्हणजे तिजोरी नव्हे

संगणक संथ झाला की ‘रॅमचा थोडा भाग काढून त्याचा ड्राइव्ह कर’ असा सल्ला देणारे हमखास भेटतात. सोबत एक समजही चिकटतो: संगणक बंद होताच रॅम डिस्क पुसली जाते, म्हणून ती व्हायरसपासून सुरक्षित. हा समज तपासायला न्हावा शेवा बंदराचे, म्हणजे जेएनपीटीचे, उदाहरण पुरेसे आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची जगभरची संगणक यंत्रणा बंद पाडली, तेव्हा जेएनपीटीतले त्याच समूहाच्या एपीएम टर्मिनल्सकडचे गेटवे टर्मिनलही अडकले आणि कंटेनरची कामे हाताने उरकायची पाळी आली. नॉटपेट्या पसरला तो विंडोजमधल्या त्रुटींचा फायदा घेत आणि चालू संगणकाच्या रॅममधूनच लॉगिनचे तपशील उचलून. रॅम डिस्क विंडोजला साध्या ड्राइव्हसारखीच दिसते. तुम्हाला तिथे लिहिता येते, तर मालवेअरलाही येते. पुढे मर्स्कला यंत्रणा पुन्हा उभारता आली, त्यात घानामधल्या एका सर्व्हरचा मोठा वाटा होता. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्याने तो बंद होता. वीज गेली तरी डेटा राहिला, कारण तो डिस्कवर होता. रॅममध्ये असता तर वीज जाताच गेला असता.

वेगाचे म्हणाल, तर आकडे खरेच आहेत. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास देते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत, आणि डीडीआर४-३२०० रॅमची एका चॅनेलची कागदोपत्री क्षमता २५.६ जीबी. पण विंडोज काय किंवा लिनक्स काय, वाचलेल्या फायली मोकळ्या रॅममध्ये आपणहूनच धरून ठेवतात. मघाशी उघडलेली एक्सेल फाईल दुसऱ्यांदा चटकन उघडते ती त्यामुळेच. क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसातल्या आठ जीबीच्या संगणकावर चार जीबीची रॅम डिस्क केली, तर ही सोयच आक्रसते आणि विंडोज पेजफाईलसाठी, म्हणजे रॅममध्ये न मावणारा डेटा ठेवण्याच्या फायलीसाठी, पुन्हा डिस्ककडे धावते. पेजफाईलच रॅम डिस्कवर ठेवणे हा तर द्राविडी प्राणायाम.

यावर कोणी म्हणेल, बंद करताना सगळे डिस्कवर उतरवून ठेवणारी सॉफ्टवेअर आहेत, शिवाय यूपीएस आहेच. ती नीट शटडाऊन केले तरच कामाची. मशीन हँग झाले तर यूपीएस काय करणार? टेंप फोल्डर तिथे हलवला, तर रीस्टार्ट मागणाऱ्या एखाद्या इन्स्टॉलेशनच्या फायली मधेच नाहीशा होतात. पुन्हा तयार करता येतील अशाच फायली, म्हणजे कंपाइल करतानाचे तुकडे किंवा व्हिडिओची तात्पुरती फाईल, तिथे ठेवाव्यात. तेही रॅम भरपूर असेल तर. बिल ऑफ एंट्री आणि टॅलीचा डेटा एसएसडीवर राहू द्या, आणि बॅकअपची डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवा.